ऑपरेशनचं आवतन

आमच्या बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या गल्लीत असं एकही दार नाही, ज्याच्यासमोर दगडूनाना उभे राहिले नाहीत. आणि असं एकही घर नाही, ज्याच्या आत ते गेलेत. ‘नाना, या ना, चहा टाकते,’ म्हटलं की ते हात वर करून थांबवतात. ‘आवतन देणारा बसला की आवतन बसलं, मास्तरीणबाई!’ एवढं बोलून पुढच्या दाराकडे निघतात.

आवतन म्हणजे तोंडी निमंत्रण. पत्रिका कितीही सोनेरी छापा, आमच्याकडे ती लोक पंख्यासारखी वापरतात. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, माणूस दारात येऊन बोलला तरच ते खरं. त्यातही प्रकार आहेत. ‘घरटी एक’ म्हटलं तर घरातून एकानेच जायचं. आणि ‘चूलबंद’ म्हटलं तर म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जायचं, त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. चूलबंद आवतन असताना कोणी घरी भाजी फोडणीला टाकली, तर तो यजमानाचा अपमान. बायका वास घेऊन सांगतात कोणी टाकली ते.

हे काम गल्लीने नानांना कधी दिलं, ते कोणालाच आठवत नाही. पोटापाण्यासाठी ते बाजारात एका कापडाच्या दुकानात गादीवर बसतात. पण त्यांना कोणी ‘काय करता?’ विचारलं तर दुकानाचं नाव काढत नाहीत. ‘मी आवतन देतो,’ म्हणतात. जसं एखादा म्हणेल, मी वकिली करतो.

आणि देतात कसं! धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात अक्षतांची पितळी डबी. दारात उभं राहून एकदा खाकरायचं. घरधनी समोर आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकदा आमचे हे अर्धी दाढी करून बसले होते. मी म्हटलं, ‘नाना, मला सांगा, मी सांगते त्यांना.’ छे! यांना फेसासकट दारात यावं लागलं, हात जोडून उभं राहावं लागलं. नाना म्हणाले, ‘साबण असू द्या. कान उघडे आहेत ना?’ आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: ‘अमक्याच्या घरी तमकं कार्य, अमक्या दिवशी, चूलबंद. ताटाभोवती पाणी फिरायच्या आत या. शब्द गेला!’

शब्द गेला, म्हणजे आता तो परत येणार नाही. हे त्यांचं लाडकं बोलणं. भाव करतानासुद्धा म्हणतात, ‘वांगी पावशेर. शब्द गेला.’

घराला कुलूप असलं तर? तर नाना कुलपाला आवतन देतात. चेष्टा नाही करत मी. कडीवर अक्षता ठेवतात आणि बंद दाराकडे तोंड करून सगळं वाक्य, खणखणीत आवाजात, टोपी सावरून म्हणतात. शेजारचे सोनी एकदा शाहपूरला गेले होते. परत आले तर कडीवर तांदूळ. मी नानांना विचारलं, ‘अहो, दाराला काय कळतं?’ तर म्हणाले, ‘माणसं येतात-जातात. घर तर इथंच असते ना? ते ऐकते.’

अशा माणसाचा खुबा गेला.

आधी ते कबूलच करेनात. चप्पल खराब आहे म्हणाले, मग रस्ता खराब आहे म्हणाले. नगरपालिकेला शिव्या घालून झाल्या. पण चालताना उजवीकडे असे काही झुकायचे, की डबीतल्या अक्षता सांडायच्या आणि मागे चिमण्या लागायच्या. शेवटी आमच्या ह्यांनी त्यांना धरून नेलं. डॉक्टर इंदोरहून येतात, महिन्यातून एकदा, इथल्याच एका दवाखान्यात ऑपरेशनं करतात. फोटो पाहून ते म्हणाले, खुब्याचा सांधा पार झिजलाय, बदलावा लागेल. आता केलं तर चालाल, नाही तर खाट धराल.

नानांनी शांतपणे विचारलं, ‘लगनसराईच्या आधी होईन का?’

‘होईल. पण घरी माणूस पाहिजे. दीड महिना. उठवायला, बसवायला, जेवू घालायला. कोण आहे?’

‘आहेत ना. सगळी गल्ली आहे.’

‘गल्ली नको,’ डॉक्टर म्हणाले. ‘एक माणूस सांगा.’

नाना टोपी सावरू लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मंगल, सुरतेला. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ती येऊन येऊन चार-पाच दिवस येणार. बाकी घरात नाना आणि त्यांची टोपी. पण तारीख तर पाहिजे होती. ‘बंदोबस्त होऊन जाईल,’ म्हणाले आणि तारीख घेऊन आले. डॉक्टरांच्या पुढच्या खेपेचा मंगळवार.

मग तयारी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. नानांनी हे इतकं मनावर घेतलं की घरातली प्रत्येक वस्तू विटांवर चढवली. खाट विटांवर. खुर्ची विटांवर. पाण्याचा माठ विटांवर. देव्हाऱ्याखालीसुद्धा विटा! मी म्हटलं, ‘नाना, देवांचा काय गुन्हा?’ तर म्हणाले, ‘त्यायले वाकून नमस्कार नाही करता येणार. म्हणून त्यायलेच वर घेतलं. रागावले नाहीत ते.’ त्या घरात गेलं की आपणच बुटके झालो असं वाटायचं.

दुसरी चिंता कामाची. दुकानाच्या मालकाने ‘गादी तुमचीच, बरे होऊन या’ सांगितलं होतं, त्यामुळे दुकानाचा घोर नव्हता. घोर होता आवतनांचा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांवर मुहूर्त. तोवर पायाने जोर धरला नाही तर? गल्लीतली पोरं म्हणत होती, ‘टेन्शन मत लो नाना, व्हॉट्सॲप कर देंगे.’ नानांचा चेहरा असा झाला की जणू कोणी वरणात साखर टाकायला सांगितली. ‘मोबाईलले दार आहे का? उंबरा आहे का? घरधनी त्याच्यात अंघोळ करून येतो का?’

म्हणून त्यांनी बदली माणूस तयार करायचं ठरवलं आणि नेमकं आमच्या ह्यांना धरलं. हे सहकारी बँकेत, कर्जवसुलीला. आमच्याच दारात सराव. यांनी कडी वाजवली, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘नमस्कार. तुमच्याकडे लग्नाची तारीख आहे. वेळेवर हजर राहावे.’

नानांनी कपाळाला हात लावला. ‘साहेब, हे आवतन आहे का जप्ती?’

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. दर वेळी ऐकणाऱ्याला वाटायचं, घरातली गोदरेजची कपाटं बाहेर काढणार. शेवटी नाना मला हळूच म्हणाले, ‘माणूस चांगला आहे हो तुमचा. पण याच्या आवतनाले लोक मागच्या दारानं पळतील.’

तर कामाचं असं. आणि घरच्या माणसाचं? त्याबद्दल ते कोणाशीच बोलेनात. मंगळवार जवळ येत होता आणि दीड महिना कोण करणार, हे ठरलेलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कोणाशी ठरलं असेल. विचारलं तर म्हणायचे, ‘होऊन जाईल.’

एका सकाळी ते आमच्या दारात आले. हातात डबी नाही. खाकरले नाहीत. मला जरा नवल वाटलं.

‘मास्तरीणबाई, थोडं काम होतं.’

‘बोला ना, नाना.’

त्यांनी दाराच्या बिजागरीकडे पाहिलं. ‘तेल टाका याले. करकरते.’ आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. ‘मास्तरीणबाई, ते जरा...’ मग नजर अंगणात. ‘तुळस वाळून राहिली तुमची.’ आणि गेले. मला राग आला. म्हटलं, हा माणूस दवाखान्यात जायच्या आधी गल्लीची तपासणी करतोय की काय! समोरच्या शांताकाकूंकडेही असंच. त्यांना म्हणाले, ‘काकू, तुमचं पायपुसणं फाटलं.’ काकू ऐंशीच्या घरातल्या, तोंडाने तलवार. ‘मेल्या, पायपुसणं पाहाले आला का सकाळी सकाळी?’ असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. काकू आणि नाना यांचं तसंही सख्य नव्हतं. कधीतरी नानांनी काकूंच्या आधी शेजारणीला आवतन दिलं होतं, ते काकू विसरल्या नव्हत्या.

रविवारी नाना आले ते धोतर-टोपी घालून, डबी घेऊन. खाकरले. मी यांना बोलावलं. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. नानांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले:

‘येत्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, दगडूच्या खुब्याचं ऑपरेशन. चूलबंद. ताटाभोवती पाणी फिरायच्या आत या. शब्द गेला!’

आणि स्वतःच दचकले. माझ्या हातावर अक्षता पडल्या होत्या. त्यांनी त्या अक्षतांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झुकत झुकत पुढच्या दाराकडे निघून गेले. हे तर हसून हसून खाली बसले. पण संध्याकाळी कळलं की नानांनी पूर्ण गल्लीत हेच केलं. सोनींच्या घराला कुलूप होतं, तर कडीवर अक्षता.

शांताकाकूंच्या ओट्यावर बायका जमल्या. कोणी म्हणालं, जीभ घसरली असेल, सवयीने बोलून गेले, सोडून द्या. काकूंनी एका झटक्यात निकाल दिला.

‘आवतन ते आवतन. लग्नाचं का ऑपरेशनचं, हे विचारणारे आपण कोण? घरी अक्षता घेतल्या ना हातात? मग मंगळवारी चूल पेटवायची नाही.’

झालं. मंगळवारी दहाला दवाखान्याच्या फाटकाशी आमची गल्ली उभी. इस्त्रीचे कपडे, गजरे, कडेवर पोरं, काकूंच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. आणि सगळे उपाशी. चूलबंद होतं ना!

चौकीदार गडबडला. ‘अरे, मरीज के साथ एक आदमी! बस एक!’

काकू पुढे झाल्या. ‘हमको आवतन है.’

‘क्या है?’

‘आवतन! चूलबंद! तुम नये हो क्या बऱ्हाणपूर में?’

आत नाना हिरव्या झग्यात, हाताला सुई लावलेली, चाकाच्या खाटेवर पडलेले. बाहेरचा गलका त्यांच्या कानावर गेला. आदल्या दिवशीच सुरतेहून आलेली मंगल धावत बाहेर आली, ‘मावशी, लवकर चला, बाबा ऐकत नाहीयेत.’ मी आत गेले. नाना खाटेवर उठून बसले होते. डोक्यावर टोपी नाही. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. एकदम म्हातारे दिसले मला.

‘मास्तरीणबाई, सगळे आले का?’

‘आले.’

‘लेकरं पण?’

‘चूलबंद म्हणालात ना तुम्ही! आले सगळे.’

‘मग जेवणाचं काय? शब्द दिला मी. उपाशी असतील सगळे.’ त्यांनी पाय खाली सोडायला सुरुवात केली. ‘आधी पंगत. मग ऑपरेशन.’

डॉक्टर हातमोजे घालून उभे. ‘बाबा, आज नहीं किया तो फिर अगले महीने आऊंगा. और तब तक ये पैर और बिगड़ेगा.’

‘बिघडू द्या. पाहुणे उपाशी ठेवून मले झोप नाही येणार. तुमी किती बी सुया टोचा.’

आता काय करायचं? मी शाळेत आयुष्यभर मुलांना खरं बोला, खरं बोला शिकवलं आणि तिथे डोळ्याची पापणी न हलवता खोटं बोलले. ‘नाना, बट्ट्या टाकल्यात. मारुतीच्या अंगणात. तुमच्याच नावाने पंगत आहे.’

‘वरण?’

‘चुलीवर आहे.’

‘तूप कोणी आणलं?’

‘नाना, झोपा आता!’

ते झोपले. खाट आत गेली, दार लागलं. मी बाहेर येऊन काकूंना सांगितलं, असं असं बोलून बसलेय. वाटलं, शिव्या खाईन. काकूंनी पदर खोचला. ‘मग उभ्या काय राहिल्या? खोटं बोलली तर ते खरं करा लागेल. चला!’

घराघरातून बट्टीचं पीठ निघालं, तुरीची डाळ निघाली, कडीवरच्या अक्षता पाहून आलेल्या सोनींनी तूप आणलं. मारुतीच्या देवळाच्या अंगणात गोवऱ्या पेटल्या. यांनी वांगी घोटली. वसुलीच्या हाताला दुसरं काम जमलं म्हणायचं. दुपारी दवाखान्यातून निरोप आला की ऑपरेशन नीट झालं, नाना शुद्धीवर येत आहेत. मग पंगत बसली. मंगलही हात-पाय धुऊन वाढायला आली. काकूंनी ओळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘एक पान दगडूचं मांडा. तो बसते कुठं एरवी? तिथं मांडा.’

कोणी सांगेना. मला वाटायचं, ते पुरुषांच्या शेवटच्या पंगतीला बसत असतील. यांना वाटायचं, पहिल्या. सोनी म्हणाले, आचाऱ्यांबरोबर बसत असतील. पण जेवताना कोणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं.

मंगल बट्टी कुस्करता कुस्करता सहज म्हणाली, ‘बाबा? बाबा नाही जात कुठे जेवायला.’

‘म्हणजे?’

‘त्यांना कोण आवतन देतं? ते सगळ्यांना देतात, त्यांच्या दारात कोण जाणार? आई होती तेव्हा सवाष्ण म्हणून तिला असायचं. आता गल्लीत लग्न असलं की बाबा घरी खिचडी टाकतात. मी फोनवर भांडते, अहो, तुम्हीच तर सगळ्यांना बोलावलं. तर म्हणतात, बिनआवतनाचं जाणं आपल्याला शोभत नाही.’

काकूंच्या हातात तुपाची वाटी होती. ती तशीच राहिली.

‘माझ्या नातवाच्या लग्नात पण?’

‘हो, आजी. त्या दिवशी तर तुमचे बँडवाले घरासमोरून गेले म्हणे. मला फोनवर ऐकवलं.’

‘मेला दगड्या!’ काकू ओरडल्या. ‘तोंड नव्हतं का त्याले? मेला, मेला...’ आणि पदराने डोळे पुसत, नानांना शिव्या देत, त्यांनी सगळ्या पंगतीला तूप वाढलं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. नाना पडून होते, दोन पायांच्या मध्ये उशी. मला पाहताच म्हणाले, ‘जेवले का सगळे?’

‘जेवले. बट्टी मस्त झाली होती.’

‘कमी नाही ना पडली?’

‘नाही.’

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, ‘मास्तरीणबाई, तुमच्या दारात दोनदा आलो होतो. सांगाचं होतं की बाप्पा, दीड महिना माझ्याकडे कोणी पाहा. माझ्यानं एकट्यानं नाही होत. पण तसं म्हणताच येईना. जिभेले सवयच नाही. तोंड उघडलं का आवतनच निघे.’ ते हसले. ‘आता मंगल शनिवारी जाईन. मग पाहू.’

मी म्हणाले, ‘नाना, आम्ही आहोत.’ पण ते म्हणाले, ‘हो हो,’ आणि विषय बदलला. मला कळलं की ह्या माणसाच्या हिशेबी असं बोलणं म्हणजे नुसती पत्रिका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चहा पाजत होते, तेवढ्यात खोलीत शांताकाकू आल्या. दवाखान्याचा जिना चढून आलेल्या, दम लागलेला, मागून चौकीदार ‘माताजी, माताजी’ करत येतोय. त्या तडक खाटेपाशी आल्या. पदराची गाठ सोडली. त्यात अक्षता होत्या. त्या त्यांनी नानांच्या हातावर ठेवल्या, सुई लावलेल्याच हातावर.

‘दगडू, ऐक. शनिवारपासून शांताबाईच्या घरी, पुढच्या खोलीत. खाट विटांवर चढवली आहे. माझी सून आहे, नातू आहे, रात्री उठाले तो येईन. दोन्ही वेळचं जेवण. तुझे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत तोवर. चूलबंद.’

नानांनी हाताकडे पाहिलं. ‘काकू... मले?’

‘मग काय भिंतीले? का तुझ्यावाणी कुलपाले देऊ?’

   नानांनी मूठ मिटली, अक्षतांसकट, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. काकू म्हणाल्या, ‘रडून नको राहू, टाके उसवतील,’ आणि स्वतः खुर्चीवर बसून रडू लागल्या.

बऱ्याच वेळाने नानांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी हळू.

‘मास्तरीणबाई, घरी खुंटीवर माझा पांढरा सदरा आहे. शनिवारच्या आत त्याले जरा इस्त्री करून ठेवाल का? मले जेवाले जायचं आहे.’